ओळ दाखव!

दहावीच्या वर्षी मराठीच्या तासाला आम्ही दैवावरून भांडायला शिकलो. शाळेने मला जे जे दिले त्यात हे भांडण मी सर्वांत वर ठेवते. आमची १९८९-९० ची बॅच. अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत सहली, स्नेहसंमेलने आणि खो-खोच्या संघाबद्दल बाकीचे लिहितीलच. मला त्या तासांबद्दल लिहायचे आहे, कारण पुढे वकिली करताना रोज कामी आले ते तिथलेच. शिकवणाऱ्या बाईंचे नाव मात्र लिहीत नाही. "नाव छापलंस तर ते पान मी वाचणार नाही," असे त्यांनी फोनवर बजावले आहे. आमच्या वेळच्या कुणालाही ते सांगायची गरज नाही.

सुरुवात एका श्लोकाने झाली. तो पाठ्यपुस्तकात नव्हता. बाईंनी फळ्यावर लिहिला:

सूतो वा सूतपुत्रो वा यो वा को वा भवाम्यहम् ।
दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम् ॥

भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात अश्वत्थामा कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवतो, तेव्हा कर्णाने दिलेले हे उत्तर. मी सूत असेन, सूतपुत्र असेन, कुणीही असेन. कोणत्या कुळात जन्मावे हे दैवाच्या हाती होते, पराक्रम माझ्या हाती आहे. अर्थ सांगून झाल्यावर बाईंनी आम्हाला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डाव्या रकान्याचे नाव 'दैवायत्त', उजव्याचे 'मदायत्त'. कर्णाच्या आयुष्यात जे जे घडले ते या दोन रकान्यांत वाटून लिहा, म्हणाल्या.

कोल्हापूरच्या पोरांना कर्ण नवा नव्हता. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते. १९६७ साली 'मृत्युंजय' आली, आणि आम्ही दहावीत जाईपर्यंत ती घरोघरी पोचलेली होती. ज्यांनी वाचली नव्हती त्यांनीही मोठ्या भावंडांच्या तोंडून ऐकली होती. वर्ग सगळा कर्णाच्या बाजूचा. डावा रकाना भराभर भरला: आईने नदीत सोडले, सूताच्या घरी वाढला, परशुरामांचा शाप, ब्राह्मणाचा शाप, कवचकुंडले गेली, रथाचे चाक रुतले. उजवा रकाना जवळजवळ कोरा.

बाई बाकांमधून फिरत आल्या आणि एका वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "कवचकुंडलं गेली, का दिली?"

वर्ग गप्प. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात मागायला येणार आहे, हे सूर्याने कर्णाला आधीच सांगून ठेवले होते. देऊ नकोस, असेही सांगितले होते. तरी कर्णाने दिली. म्हणजे ती नोंद डावीकडून खोडून उजवीकडे लिहायला हवी. मागच्या बाकावरचा, तालमीत जाणारा एकजण उसळून म्हणाला, "पण बाई, त्यो सभावच हाय त्येचा. सभाव बी दैवानंच दिलेला की!" बाईंना हा प्रश्न फार आवडला. त्या दिवशी त्यांनी त्याचे उत्तर दिलेच नाही. "स्वभावानं तो देतो, कबूल. पण देताना तो विचार करतो की नाही? करत असेल तर ओळ दाखव. करत नसेल तर तीही ओळ दाखव."

'ओळ दाखव' हे त्यांचे कायमचे वाक्य. कुणाला काय वाटते ते त्या पूर्ण ऐकून घेत, पण मजकुरातली ओळ दाखवल्याशिवाय वहीत लिहू देत नसत. या एका सवयीने आमचे डोळे उघडले असे मी जबाबदारीने म्हणते. दैवाबद्दल आमच्या घरात बोलणे पुष्कळ व्हायचे. कुणाचा धंदा बुडाला, कुणाचा पोरगा वाया गेला, की 'नशीब' म्हणून विषय तिथेच संपायचा. 'ओळ दाखव' असे म्हणणारे कुणी नव्हते.

कुळावरून तर मोठाच वाद झाला. जन्म डाव्या रकान्यात, यावर सगळे एकमत होतो. बाईंनी मग आम्हाला कौरव-पांडवांच्या परीक्षेचा प्रसंग सांगितला. कर्ण रंगभूमीवर उतरतो, अर्जुनाला आव्हान देतो, आणि कृपाचार्य त्याला त्याचे कूळ विचारतात. "कूळ दैवानं दिलं. पण कूळ विचारून माणसाला आखाड्याबाहेर काढायचं, हा नियम कुणी केला? तो कुठं लिहायचा?" आणि लगेच त्या महाभारतातून थेट कोल्हापुरात आल्या. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. शिकू न देणे ही ज्यांना ईश्वरी योजना वाटत होती, त्यांच्या वहीतली नोंद महाराजांनी डावीकडून उजवीकडे आणली, असे बाई म्हणाल्या. दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याजवळून शाळेत येणारी आम्ही मुले. त्या हुकमाचा दैवाशी काही संबंध असेल असे आम्हाला कधी सुचलेच नव्हते.

नंतर रामायण आले, ते रेडिओच्या वाटेने. सुधीर फडके जन्माने कोल्हापूरचे, त्यामुळे 'गीतरामायण' आमच्याकडे जरा हक्कानेच ऐकले जाई. माडगूळकरांचा राम भरताला सांगतो की ही दुःखे दैवजात आहेत, यात कुणाचा दोष नाही; माणूस पराधीन आहे. माझ्या आजीला ते गाणे लागले की डोळ्यांना पदर लावावा लागे. बाईंनी त्या गाण्यासमोर वाल्मीकींचा लक्ष्मण उभा केला. अयोध्याकांडात राम वनवासाचे खापर दैवावर फोडतो तेव्हा लक्ष्मण भडकतो आणि म्हणतो, जो भ्यालेला आणि वीर्यहीन तोच दैवामागे जातो. स्वतःचा मान राखणारे वीर दैवाची पूजा करत नाहीत. आम्ही अवाक झालो. इतके स्पष्ट, आणि तेही रामाच्या तोंडावर!

"मग खरं कोण, राम का लक्ष्मण?" अर्थातच हा प्रश्न आला. बाईंनी आम्हाला पुन्हा चित्रकुटावर नेले. भरत राज्य परत द्यायला आला आहे. माता आल्या आहेत, मंत्री आले आहेत, प्रजा आली आहे. वडील गेले. रामाला कुणी बांधून ठेवलेले नाही. परत फिरायची वाट मोकळी आहे, आणि नेमक्या त्याच घडीला तो माणूस पराधीन आहे असे सांगतो आणि जात नाही. न जाण्याचा निर्णय त्याचा. भरताच्या मनात आईबद्दलचा राग राहू नये म्हणून तो दोष दैवाकडे देतो, स्वतःचा शब्द मात्र स्वतःकडे ठेवतो. हे गाणे मी अजून ऐकते, आणि प्रत्येक वेळी मला त्यातला मोकळा माणूस ऐकू येतो.

कर्णाचेही तसेच. युद्धाआधी कृष्ण त्याला रथात घेऊन जातो आणि जन्माचे रहस्य सांगतो. तू थोरला पांडव, राज्य तुझे, ये. कर्ण नाही म्हणतो. पांडव जिंकणार, हे त्याला दिसते आहे. तसे स्वप्न पडल्याचेही तो कृष्णाला सांगतो. पुढचे जवळजवळ सगळे कळलेले असताना तो दुर्योधनाकडे परत जातो. उजवा रकाना.

आणि तिसरा, ईडिपस. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या या राजावरच्या नाटकाचे पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने भाषांतर केले आहे. बाईंनी ते आम्हाला तुकड्यातुकड्याने वाचून दाखवले. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, अशी देववाणी. ती टाळायला तो कॉरिंथ सोडतो, आणि तिठ्यावर अनोळखी म्हाताऱ्याला मारतो, तोच बाप. इथे डावा रकाना इतका भरतो की लिहायला जागा उरत नाही. पण नाटक सुरू होते तेव्हा हे सगळे घडून गेलेले आहे. रंगमंचावर जे घडते ते एवढेच, की ईडिपस आधीच्या राजाचा खुनी कोण ते शोधतो. राणी योकास्ता त्याला विनवते की आता विचारू नकोस, थांब. तो थांबत नाही. शेवटी डोळे फोडून घेतो आणि सांगतो, हे दुःख अपोलो देवाने आणले, पण वार करणारा हात माझा. त्या वाक्याला बाईंनी पुस्तक खाली ठेवले. दोन हजार चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आमच्या वहीतली रेघ आपणहून मारली होती.

त्याच पावसाळ्यात पंचगंगेला मोठा पूर आला. शाळेला सुट्टी, पेठांत पाणी. शाळा सुरू झाल्यावर वर्गाने ठरवले की पूरही रकान्यांत लिहायचा. पाऊस डावीकडे, यात वाद नाही. नदीपात्राला खेटून बांधलेली घरे उजवीकडे. अडले ते राधानगरी धरणाच्या दरवाजांवर. ते स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात. "कुणीच उघडत न्हाई, म्हणजे डावीकडं," असे एक मुलगा म्हणाला. "बसवलं कुणी पण?" असे एक मुलगी म्हणाली. तास संपला तरी मिटले नाही. कीर्तनाच्या घरातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी गीतेचा अठरावा अध्याय घेऊन आला: कर्माची कारणे पाच, अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. बाईंनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, पाचवे लिहायच्या आधी चार लिहून काढायची सवय लावा.

हे सगळे पुस्तकापुरते राहिले असते तर मी इतके लिहिले नसते. एका दुपारी आमच्याच वर्गातल्या एका मुलीने विचारले, "बाई, माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. तो कुठल्या रकान्यात?" आम्हाला ठाऊक होते, दहावीनंतर तिची शाळा बंद करून तिचे लग्न उरकायचे घाटत होते. मंगळाची मुलगी, स्थळ चालून आले आहे, सोडायचे नाही. बाई तिच्याजवळ गेल्या. "मंगळ डावीकडं लिही. मंगळामुळं शाळा सोडायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांची नावं उजवीकडं लिही. त्यांच्याशी बोलता येतं. ग्रहाशी बोलता येत नाही."

बाई तिच्या घरी बोलायला गेल्या. लग्न टळले नाही. पण काही वर्षांनी दोन मुले पदरात असताना तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. फॉर्म भरायच्या वेळी सासऱ्यांशी काय बोलायचे ते तिने आधी कागदावर लिहून काढले होते, असे तिनेच मला सांगितले.

मी वकील झाले. कायद्यात 'दैवी आपत्ती' असा बचाव असतो. तो घ्यायचा तर घटना निसर्गाच्या कारणांनी घडली, माणसाचा त्यात हात नव्हता, आणि योग्य काळजी घेऊनही ती आधी ओळखता किंवा टाळता आली नसती, हे दाखवावे लागते. कॉलेजात हे शिकले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्यानंतर माझ्याकडे माणसे यायची ती 'आमचं नशीबच वाईट' इथून सुरुवात करायची. मी ऐकून घेते, कारण दुःख खरे असते. मग कागद पुढे ओढते आणि विचारते: पाणी कधी चढले, कुणाला कधी कळवले, तुम्हाला कुणी काय सांगितले, लेखी आहे का. कितीतरी वेळा खरोखरच डाव्या रकान्यातले निघते आणि मी तसे सांगते. पण पुष्कळदा एक सही सापडते, एक तारीख सापडते.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. रंकाळ्याजवळच्या त्यांच्या घरी गेले की अजून वाद होतो, आणि तो कर्णावरूनच. माझा त्यांच्याशी एक जुना मतभेद आहे. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल कर्ण जे बोलला, ते बाई दुर्योधनाच्या उपकारांखाली दबलेल्या माणसाचे बोलणे मानतात, रेघेवर ठेवतात. मी ते पूर्ण उजवीकडे लिहिते. त्याला तसे बोलायला कुणाचा शाप नव्हता, कुणाची देववाणी नव्हती. यंदा मी ओळ घेऊन गेले होते. उद्योगपर्वात कर्ण स्वतः कृष्णाला म्हणतो, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कठोर बोललो त्याचा मला पश्चात्ताप होतो. बाईंनी चष्मा लावून ती वाचली. "पांडवांना, म्हणतोय. द्रौपदीला नाही म्हणत," असे म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडे परत दिले. त्या बरोबर होत्या. माझे मत मात्र तसेच आहे, आणि मी दुसरी ओळ शोधते आहे.

अमृतमहोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला मी अयोध्याकांड आणि उद्योगपर्व यांची मराठी भाषांतरे दिली आहेत, प्रत्येकी पाच प्रती. ग्रंथपालांना एकच विनंती आहे: या पुस्तकांच्या समासात मुलांनी पेन्सिलीने लिहिले तर दंड आकारू नये.