जकातवाडीची रेघ

कास रस्त्यावरच्या एका होमस्टेच्या भिंतीसाठी नकाशा करायचा होता. अट एकच, अक्षरं हाताने लिहिल्यासारखी दिसली पाहिजेत. असं सांगणाऱ्याला खरोखर हाताने लिहून घ्यायचं नसतं, कारण त्याचे पैसे पडतात.

नद्या, रस्ते, उंचीच्या रेषा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन दिवसांत झाल्या. अक्षरांना तीन आठवडे लागले. हस्ताक्षराचा फॉन्ट लगेच पकडला जातो, दोन ‘क’ हुबेहूब एक. त्यात साताऱ्याच्या नकाशावर ‘वाडी’ किती! जकातवाडी, खिंडवाडी, पानमळेवाडी... म्हणून ‘वा’ आणि ‘डी’ची पाच-पाच रूपं काढली, फॉन्टमध्येच लिहिता येणाऱ्या ओपनटाइपच्या नियमांनी ती आळीपाळीने येतील असं केलं. वर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लावून प्रत्येक अक्षर किंचित वर-खाली, किंचित तिरकं. रोमन अक्षरं सुटी, तिथे एवढ्यावर भागतं. आपल्याकडे प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा डोक्यावर घेऊन हलतं आणि शब्दाला पायऱ्या पडतात. ‘सह्याद्री’ रांगेभर पसरून लिहावं तर तीन सुटे तुकडे. वेण्णा नदीच्या वळणावर नाव टाकलं, तर रेघेला करवतीसारखे दात. ही सॉफ्टवेअरं करणाऱ्यांना देवनागरी नेहमी शेवटी आठवते.

रेघा एकमेकींवर चढवून पायऱ्या लपवल्या आणि मंगळवार पेठेतल्या एका पेंटरकाकांना प्रिंट दाखवली. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे ब्रश डब्यातच आहेत.

“आरं, अक्षरं हलत्यात, पर हात कुठं हाय?” मग ‘पानमळेवाडी’वर बोट. “फुडं रस्ता आलाय, जागा न्हाई. तरी ‘डी’ ऐसपैस बसलीया. मी आसतो तर ‘मळे’पासनंच दाबत आलो आसतो.”

माझ्या स्क्रिप्टला पुढचा रस्ता दिसतच नव्हता.

त्यांनी वर्तमानपत्रावर दहा वेळा ‘जकातवाडी’ लिहिलं. आधी अक्षरं, शेवटी एका दमात रेघ. घरी स्कॅन करून एकावर एक ठेवलं, तर अक्षरं जवळपास तंतोतंत! पन्नास वर्षांचा हात, तो कशाला चुकेल? बदलत होती ती फक्त रेघ. कधी ‘ज’च्या अलीकडून निघालेली, कधी ‘डी’च्या पुढे निसटलेली, कधी जराशी चढती.

म्हणजे माझी पाच रूपं कुणासाठी होती?

फॉन्टमधली शिरोरेषा उडवली आणि प्रत्येक नावावर टॅब्लेटवर हाताने रेघ ओढली. धावडशीला आधी घाईत सरळ ओढून गेलो, तर ‘घावडशी’ झालं. ‘ध’वर हात उचलावाच लागतो. जागा नसेल तिथे शब्द शेवटाकडे दाबला.

वेण्णा मात्र अजून मनासारखी नाही. वळणावर एका दमात रेघ ओढली की अक्षरं तिला लटकल्यासारखी दिसतात. काकांना विचारलं.

“वळणावर कशाला लिवतोस? नदीशेजारी सरळ लिव की.”