आमची वाटचाल: जेटच्या डबीपासून लॅपटॉपपर्यंत

आम्ही मोटरसायकलींच्या इंजिनाला पेट्रोल किती मिळावं ते जुळवून देतो. सुरुवात कार्ब्युरेटरपासून, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापासून, झाली. मी आणि माझा भाऊ, दोघंच, आणि पितळी जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांची, एक डबी. मेन जेट बदल, पायलट बदल, नीडलची क्लिप एक खाच वर नाहीतर खाली, मग राईड मारून यायचं, प्लग काढून त्याच्या रंगावरून पेट्रोल जास्त की कमी ते बघायचं आणि परत कार्ब उघडायचा. दिवस दिवस जायचे त्यात, पण गाडी काय म्हणतेय ते कानाला आणि मनगटाला कळायला लागलं आणि ते आजही रोज कामाला येतं.

मग इंजेक्शन आलं, म्हणजे कार्बच्या जागी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणं. मोटोक्रॉसमध्ये २००८ ची सुझुकी आरएम-झेड ४५०, २००९ ला होंडाची सीआरएफ ४५० आर, आणि हळूहळू आमचे नेहमीचे गिऱ्हाईक विचारायला लागले, दादा ह्याचं पण करता का? करतो म्हणालो, आणि मग रात्री बसून शिकलो.

तत्त्व समजायला अवघड नाही. ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, एक तक्ता असतो, त्यालाच मॅप म्हणतात, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडलाय ते, आणि प्रत्येक खणात एक आकडा, त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहणार ते ठरतं. पेट्रोल पूर्ण जळायला हवेचं प्रमाण १४.७ ला १, पण फुल थ्रॉटलला ताकद हवी तर १३ च्या आसपास यावं लागतं. धुरातला ऑक्सिजन बघणारा कंपनीचा नॅरोबँड सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, म्हणून आम्ही नेमकं प्रमाण दाखवणारा वाइडबँड घेतला आणि वाटलं आता झालं काम.

तिथेच चुकलो. एक गाडी आली, मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवत होता, आम्ही कमी थ्रॉटलच्या खालच्या खणांत पाच टक्के पेट्रोल वाढवलं, तरी लीन, अजून पाच वाढवलं. गाडी दिली आणि चार दिवसांत परत आली, चढावर गुदमरतेय, प्लग काजळीने काळाकुट्ट. भावाने गाडी थंड असतानाच स्टार्ट केली आणि बेंडपाईपच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) जॉइंटवर साबणाचं पाणी सोडलं तर बारीक बुडबुडे! गॅस्केट गेलेला, तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसत होता. मॅप मुळात बरोबर होता, आम्हीच बिघडवला. गॅस्केट बदलला, मूळ मॅप परत टाकला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडतो. आधी एअर फिल्टर, इनटेकचे रबर, सायलेन्सरचे जॉइंट, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा) झिरो आणि पेट्रोलचं प्रेशर, गेज लावून आणि गाडी गरम करून. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या कितीतरी गाड्यांत पेट्रोलच्या पाइपमधला चिमुकला फिल्टर मातीने चोंदलेला निघाला, तिथे मॅप काय करणार.

आणि मॅपला हात लावलाच तर आमचा जास्त वेळ खालच्या भागात जातो. डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवरचा, मोठा आकडा फुल थ्रॉटलचा असतो, पण दगडाच्या चढावर माणूस हाफ क्लचवर, थ्रॉटल जेमतेम बोटभर उघडून चाललेला असतो, आणि तिथे शेजारच्या दोन खणांत आकड्याने उडी मारली की गाडी हिसका देते, पुढचं चाक उचलतं, रायडर पडतो. ते खण एकेक करून सारखे करायला डायनोपेक्षा ट्रेलवर लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, घेणं बरं पडतं, आम्ही तसंच करतो, रायडरला स्वतः चालवायला लावतो आणि नेमकं कुठे अडखळली ते विचारतो. लॉगमध्ये तीच जागा बहुतेक वेळा सापडते.

आता आम्ही चौघं आहोत. प्रत्येक गाडीचा मूळ मॅप आणि आमचा मॅप दोन्ही जपून ठेवतो, गिऱ्हाइकाला त्याची कॉपी देतो, आणि पहिल्या दोन-तीन राईडनंतर गाडी एकदा दाखवायला आणा असं सांगतो, त्या तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. जेटची डबी अजून टेबलावरच आहे, कार्बच्या गाड्या येतातच.