अंगठ्याचा कोड

आमच्या घरात कोल्हापुरी चप्पल कुणाला शिकवावी लागत नाही. सासरे तळ कापतात, नवरा शिवतो, वेणी मी घालते. पण हीच चप्पल जर्मनीला पाठवायची म्हटल्यावर आम्ही तिघंही पहिलीतली पोरं झालो.

गिऱ्हाईक मूळचं सांगलीकडचं, तिकडे छोटं दुकान चालवणारी बाई. फोटो बघून तिनं 12 जोड मागवले. मी आधी आयईसी, म्हणजे निर्यात करायला लागणारा नंबर, काढला: केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर, फी 500 रुपये, नंबर म्हणजे आपलाच पॅन. वाटलं, झालो निर्यातदार! मग बँकेत एडी कोडचं (निर्यातीचे पैसे कुठल्या बँकेत येणार ते कस्टमला सांगणारा नंबर) पत्र मागितलं, तर साहेबांनी एटीएम कार्डाचा फॉर्म पुढं केला. तिसऱ्या खेपेला कळलं की परकीय चलनाचं काम त्या शाखेत होतच नाही. जीएसटी न भरता माल बाहेर पाठवायचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, तेवढं घरबसल्या, फुकटात झालं.

मुंबईच्या एजंटाचा दर परवडेना, म्हणून पोस्टाच्या डाक घर निर्यात केंद्राचा रस्ता धरला. कागद तिथंच ऑनलाइन भरायचे, कस्टमची तपासणी पोस्टच करून घेतं. केंद्रं देशभरात हजारावर आहेत, पण आमच्या काउंटरवर ते काम येणारा माणूस एकच. त्यानं विचारलं, "वहिनी, एचएस कोड काय?" मी म्हटलं, "चप्पल." तो हसला आणि मला शेजारी बसवून यादी उघडली, जगभरात प्रत्येक मालाला ठरलेल्या नंबरांची. रबरी तळ, प्लास्टिक, कापडी... आणि मग 6403 20: तळ चामड्याचा, वर पावलावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, "ह्यो तर आपलाच अंगठा की गं!"

एवढ्यात बाईंचा निरोप आला की क्रोमियम-6 या घातक रसायनाच्या चाचणीचा रिपोर्ट लागेल. अंगाला लागणाऱ्या चामड्यात ते किलोमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं, असा युरोपचा नियम 2015 पासून आहे. आमचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, त्यात क्रोम टाकतच नाहीत. पण ते कागदावर कोण लिहून देणार? चाचणी करून घेतली, त्यातच पहिल्या ऑर्डरचा नफा गेला. त्याआधी मी निर्यातीच्या दोन शिबिरांना जाऊन आले होते. हार-तुरे झाले, पडद्यावर नकाशे दाखवले, चहा-वडा झाला, आणि या नियमाचं नावही कुणी काढलं नाही. अशा शिबिरांचा हिशेब 'किती जण आले' यावर होतो. शेवटी किती जणांचं पार्सल गेलं, हे कोण मोजतं? 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, 2025 ला मिलानच्या रॅम्पवर आपल्यासारखी चप्पल दिसली म्हणून केवढा गाजावाजा झाला. चांगलंच आहे. पण आमची गाडी अडली होती एका फॉर्मवर.

पहिली ऑर्डर पोचली. दुसरी जुलैत निघाली आणि काउंटरवरच अडकली, कारण आयईसी बंद! दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून 'बदल नाही' असं तरी कळवायचं असतं. चूक माझीच, मेल आला होता. ऑनलाइन माहिती भरली, नंबर पुन्हा चालू झाला, पण तोवर चपला पावसाळी हवेत आठवडाभर पडून होत्या. दोन जोडांना बुरशी धरली, ते परत नवे करावे लागले.

त्यानंतर मी वही घातली. कुठला कागद कुठं मिळतो, कुणाला विचारायचं, कुठल्या महिन्यात काय भरायचं, सगळं त्यात. गल्लीतल्या तीन घरांनी तिचे झेरॉक्स नेले.

दिवाळीनंतर काउंटरवरच्या त्या माणसाची बदली झाली. त्याच्या जागी आलेला पोरगा सज्जन आहे, पण हे काम त्याला कुणी दाखवलंच नाही. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

"ताई, एक पार्टी आलीय चपला घेऊन. तो तुमचा अंगठ्याचा कोड काय होता?"