डोळ्यांना येतं, बोटांना नाही

सात वर्षं अंध मुलांना शिकवतेय, सध्या सुट्ट्यांत आणि संध्याकाळी एम.एड. सुरू आहे. ब्रेल, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांची लिपी, मला येतं. म्हणजे डोळ्यांनी येतं, हे आज कळलं.

प्रात्यक्षिकाला मॅडमनी डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तिसरीचं पान समोर ठेवलं. पहिला शब्द होता 'दिवा'. मी वाचला 'जिवा'. ब्रेलच्या अक्षराला सहा ठिपक्यांची जागा असते: डावीकडे वरून खाली 1-2-3, उजवीकडे 4-5-6. द म्हणजे 1-4-5, ज म्हणजे 2-4-5. डावीकडचा एकच ठिपका एक घर खाली. वहीवर किती सोपं दिसतं! बोटाखाली नुसतं खरखरीत काहीतरी.

शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीने माझं मनगट धरलं. "मॅडम, दाबू नका ना. हलकं फिरवा." तिचं बोट ओळीवरून पाण्यासारखं गेलं. याच मुलीला मी मागच्या महिन्यात "पटपट वाच" म्हणून रागावले होते. फार वाईट वाटलं.

अर्ध्या तासात माझ्या चार ओळी झाल्या. बोट बधिर. तिने पान संपवलं आणि गोष्टही सांगितली.

नागपुरात बर्डीहून मेट्रोने परतताना, अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशीवर मुद्दाम थांबले. रोज तुडवून जाते. उद्यापासून तिसरीच्या तासाला घड्याळ बघणार नाही.