सुप्रीम्सच्या डेट्रॉइटमध्ये

मोटारधंद्यामुळे डेट्रॉइटच्या ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचे, हेही एव्हाना ठरून गेले आहे. डिअरबॉर्नचे हेन्री फोर्ड संग्रहालय, नदीपलीकडचे विंडसर (इथे कॅनडा दक्षिणेला लागतो, हे नकाशा पाहूनही पटत नाही) आणि आर्ट इन्स्टिट्यूटमधली दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रे. ही यादी उरकल्यावर मी भाच्याला म्हटले की, साठच्या दशकात अमेरिका गाजवणाऱ्या सुप्रीम्स या त्रिकुटाची गावातली ठिकाणे मला पाहायची आहेत. भाचा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला डायना रॉस हे नाव ठाऊक होते; फ्लॉरेन्स बॅलार्ड हे नाव त्याने कधी ऐकले नव्हते. तिघींपैकी एकीचेच नाव का उरले, हे त्या ठिकाणी उभे राहून समजून घ्यावे, एवढाच माझा हेतू होता.

सुरुवात मी मुद्दाम ब्रूस्टरपासून केली. डाउनटाउनच्या जरा उत्तरेला, आय-७५ महामार्गाच्या कडेला ही जागा आहे. १९३५ मध्ये एलेनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते इथे कामाची सुरुवात झाली आणि कृष्णवर्णीय कामगारांसाठी सरकारी घरे उभी राहिली. पुढे त्यांच्या शेजारी फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाच्या चौदा मजली इमारती आल्या. फ्लॉरेन्स, मेरी विल्सन आणि डायना रॉस या तिघी याच वस्तीत वाढल्या. २०१४ पर्यंत त्या इमारती पाडून झाल्या आणि आज त्यांचा मागमूसही नाही. जो लुई ज्या केंद्रात मुष्टियुद्ध शिकला, ती विटांची इमारत तेवढी टिकून आहे. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज अखंड येत असतो. तो महामार्गही हेस्टिंग्ज स्ट्रीट नावाची कृष्णवर्णीयांची गजबजलेली बाजारपेठ मोडूनच काढलेला आहे. पाहण्यासारखे असे इथे काही नाही. तरीही या वस्तीतल्या मुलींना पुढे ज्या रूपात जगासमोर उभे केले गेले, त्यातले अंतर लक्षात यायचे तर ही जागा आधी पाहिलेली बरी.

१९५९ मध्ये मिल्टन जेन्किन्स नावाच्या गृहस्थाने आपल्या प्राइम्स या पुरुष गायकांच्या जोडीला मुलींचा एक चमू हवा म्हणून फ्लॉरेन्सला विचारले. तेरा भावंडांतली ही मुलगी, आवाज दमदार, चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांच्या वळणाचा. तिने मेरीला घेतले, नंतर डायना आणि बेटी मॅकग्लोन आल्या आणि प्राइमेट्स तयार झाल्या. १९६० मध्ये विंडसरची एक स्पर्धा जिंकून त्या मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तिचा मालक बेरी गॉर्डी याने शाळा पुरी करून या, असे सांगून त्यांना परत पाठवले. मुली चिवट होत्या. शाळा सुटली की त्या तिथेच जाऊन बसत आणि इतरांच्या गाण्यांत टाळ्या वाजवायला कुणी हवे असेल, तर तेवढेही काम करीत. अखेर जानेवारी १९६१ मध्ये करार झाला. प्राइमेट्स हे नाव बदलायचे होते. समोर ठेवलेल्या यादीतून ‘सुप्रीम्स’ हे नाव फ्लॉरेन्सने निवडले, बाकीच्यांना ते फारसे आवडले नव्हते म्हणतात. बेटी तोवर लग्नासाठी बाहेर पडली होती आणि तिच्या जागी आलेली बार्बरा मार्टिन १९६२ मध्ये गेली, तेव्हा तिघीच उरल्या.

ब्रूस्टरहून वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डकडे जाताना मी भाच्याला गाडीत ‘बटर्ड पॉपकॉर्न’ हे १९६१ चे गाणे लावायला सांगितले. त्यात मुख्य आवाज फ्लॉरेन्सचा आहे. गाणे थोडे वात्रट आहे, चालही साधीच. पण आवाज असा मोकळा आणि भरदार की, डायनाच्या पातळ, गोड आवाजाची सवय झालेल्या कानाला हे सुप्रीम्सचे गाणे आहे, हे सांगावे लागते.

२६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड हे दुमजली घर बाहेरून अगदीच सामान्य आहे. दर्शनी भागावर निळ्या अक्षरांत ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी नसती, तर याच रस्त्यावरच्या अवाढव्य हेन्री फोर्ड रुग्णालयाकडे पाहत आपण पुढे निघून गेलो असतो. बेरी गॉर्डीने घरच्यांच्या सामाईक निधीतून ८०० डॉलर कर्ज काढून १९५९ मध्ये कंपनी सुरू केली आणि त्याच वर्षी हे घर घेतले. आधी इथे छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. वर मालकाचे बिऱ्हाड आणि मागच्या बाजूला ध्वनिमुद्रणाची खोली, अशी व्यवस्था होती. १९८५ मध्ये गॉर्डीची बहीण एस्थर गॉर्डी एडवर्ड्स हिने इथे संग्रहालय केले. फेरी मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते आणि तिकीट आगाऊ काढलेले बरे.

वरच्या मजल्यावर छताला एक चौकोनी भोक आहे. त्याच्या वर माळा आहे. आवाज माळ्यावर सोडायचा, तिथे घुमलेला पुन्हा मायक्रोफोनने टिपायचा आणि रेकॉर्डमध्ये मिसळायचा. प्रतिध्वनीचे महागडे यंत्र परवडत नव्हते, त्या काळातली ही युक्ती. आम्ही भोकाखाली उभे राहून एकेक टाळी वाजवली आणि ती क्षणभर मोठ्या सभागृहात वाजल्यासारखी ऐकू आली. खाली ‘स्टुडिओ ए’. वादक मंडळी या खोलीला सापांचा खड्डा म्हणत, कारण जमिनीवर आणि वरून सगळीकडे तारांची वेटोळी असत. खोली इतकी लहान की, पियानो, ड्रम, गिटारवाले आणि जेम्स जेमर्सनसारखा बेसवादक एकाच वेळी मावत कसे, हाच प्रश्न पडतो. हा स्टुडिओ दिवसाचे बावीस तास चालत असे. शेजारच्या नियंत्रण कक्षात काचेपाशी जमीन एका जागी झिजलेली आहे. तिथे बसणाऱ्यांनी वर्षानुवर्षे पायाने ठेका धरल्याची ती खूण. भाचा इतर प्रदर्शनांपेक्षा तिथे जास्त वेळ रेंगाळला.

तो रेंगाळला याचे मला नवल वाटले नाही. गॉर्डीने पंचावन्न साली लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केले होते आणि एका टोकाने सांगाडा आत जातो, दुसऱ्या टोकाने नवी कोरी मोटार बाहेर पडते, ही रीत त्याने गाण्यांना लावली, हे तो स्वतःच सांगत असे. गीतकार-संगीतकार वेगळे, वादक ठरलेले, गायक कुणीही. दर आठवड्याला गुणवत्ता तपासणीची बैठक होई आणि तिथे विचारले जाई की, खिशात शेवटचा डॉलर उरला असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच? ‘आमच्याकडे सोमवारी हेच चालतं, फक्त सँडविच नसतं,’ असे भाचा म्हणाला.

या पट्ट्यावर सुप्रीम्स तीन वर्षे अडून बसल्या होत्या. रेकॉर्डमागून रेकॉर्ड निघे आणि पडे. कंपनीत त्यांना ‘एकही हिट नसलेल्या सुप्रीम्स’ असे चिडवत. मग गॉर्डीने त्यांना ब्रायन हॉलंड, लामाँट डोझियर आणि एडी हॉलंड या तिघांच्या हवाली केले आणि मुख्य आवाज कायमचा डायनाला दिला. ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे गाणे आधी मार्व्हलेट्स या चमूपुढे ठेवले होते. त्यांनी नाकारले. सुप्रीम्सनाही ते बालिश वाटले, पण नाही म्हणण्याइतकी त्यांची पत नव्हती. सुरुवातीला जो ठेका ऐकू येतो, तो लाकडी फळ्यांवर पाय आपटून काढलेला आहे. डायनाला नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले आणि त्या आवाजात एकदम जवळीक आली. १९६४ च्या उन्हाळ्यात डिक क्लार्कच्या बस दौऱ्याला त्या निघाल्या, तेव्हा जाहिरातीत त्यांचे नावही धड नव्हते. दौरा संपेपर्यंत गाणे देशात पहिल्या क्रमांकावर होते. त्यापुढची चार गाणीही ओळीने पहिल्या क्रमांकावर गेली. एकूण बारा गाणी त्या स्थानी पोहोचली. बीटल्सच्या लाटेत भल्याभल्या अमेरिकन मंडळींची पंचाईत झाली होती, त्या वर्षांतला हा हिशेब आहे.

रस्त्यापलीकडच्या एका घरात कलाकारांना घडवण्याचा विभाग होता. मॅक्सिन पॉवेल या बाई तिथे मुलींना चालायचे कसे, उंच स्टुलावर बसायचे कसे, मोटारीतून उतरताना पाय कसे ठेवायचे, हे शिकवत. राजेरजवाड्यांपुढे आणि व्हाइट हाउसमध्ये गाण्याच्या लायकीचे तुम्हाला व्हायचे आहे, असे त्या बजावत. आज हे ऐकताना कुणाला त्यात गोऱ्यांची खुशामत दिसेल. मला ते तसे वाटत नाही. ब्रूस्टरमधून आलेल्या मुलींना गोऱ्या प्रेक्षकांच्या क्लबात घुसायचे, तर चुकीला वावच नव्हता, आणि जुलै १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या नाइटक्लबात त्यांनी केलेला कार्यक्रम ही या शिकवणीची परीक्षाच होती. ती त्या उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर लास व्हेगास, दूरदर्शनचे कार्यक्रम, चकचकीत पोशाख, उंच केशभूषेचे टोप. एवढे मात्र खरे की, या घडणीत तिघींचे कंगोरे घासले गेले आणि फ्लॉरेन्सचे सर्वांत जास्त.

त्याच वर्षी तिघींनी ब्युएना व्हिस्टा या एकाच रस्त्यावर घरे घेतली. आम्ही तिथून गाडी हळू चालवत गेलो. विटांची भक्कम घरे, पुढे हिरवळ, मोठी झाडे. मध्यमवर्गीय संपन्नतेचा नमुना. आत आता वेगळी कुटुंबे राहतात, म्हणून थांबलो नाही.

फूट पडली ती फ्लॉरेन्स आणि डायना या दोघींच्या मत्सरातून, ही कथा फार लोकप्रिय आहे आणि सोयीचीही. गॉर्डी आणि डायना यांचे प्रेमसंबंध होते, डायना महत्त्वाकांक्षी होती, हे खरेच. पण चमूचे नाव, पैसे, वेळापत्रक आणि मुख्य आवाज या सर्वांचा निर्णय कंपनीच्या हाती असताना दोष एका मुलीच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. फ्लॉरेन्सला आधी मुख्य आवाजातून बाजूला केले गेले, मग ती पिऊ लागली, वजन वाढले, कार्यक्रम चुकू लागले. १९६० मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिच्यावर बलात्कार झाला होता आणि ती जखम भरण्याइतकी उसंत तिला कधी मिळालीच नाही, असे मेरीने पुढे लिहून ठेवले आहे. जून १९६७ च्या अखेरीस लास व्हेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलवर ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ अशी नवी पाटी लागली आणि काही दिवसांतच फ्लॉरेन्सला घरी धाडून सिंडी बर्डसाँगला उभे केले गेले. सिंडीची तयारी आधीपासून सुरू होती. कारखान्यात बदली भाग तयार असतो, तसाच.

२३ जुलैला, हिट्सव्हिलपासून फार दूर नसलेल्या बाराव्या रस्त्यावर पोलिसांच्या छाप्यावरून दंगल उसळली. ४३ माणसे मेली. तो रस्ता आज रोझा पार्क्स यांच्या नावाने ओळखला जातो. वर्ष संपता संपता हॉलंड-डोझियर-हॉलंड यांचेही पैशांच्या वाट्यावरून कंपनीशी बिनसले. त्यांच्याशिवायही ‘लव्ह चाइल्ड’ गाजले, पण डायना एकटीने गाणार, हे तोवर ठरल्यातच जमा होते. निरोपाचे गाणे म्हणून जे मिरवले गेले, ते ‘समडे वी विल बी टुगेदर’ डिसेंबर १९६९ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यात डायनामागे ऐकू येणारे आवाज मेरीचे किंवा सिंडीचे नाहीत, स्टुडिओत बोलावलेल्या गायिकांचे आहेत. १४ जानेवारी १९७० रोजी लास व्हेगासच्या फ्रंटियर हॉटेलात तिघींचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि त्याच रंगमंचावर डायनाच्या जागी येणाऱ्या जीन टेरेलची ओळख करून देण्यात आली.

लिनवुड रस्त्यावरच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चपाशी आम्ही दुपारी पोहोचलो. गायिका अरिथा फ्रँकलिनचे वडील सी. एल. फ्रँकलिन इथले धर्मोपदेशक होते. कंपनीशी झालेल्या समझोत्यात फ्लॉरेन्सला सुमारे एक लाख चाळीस हजार डॉलर मिळाले, पण आपण सुप्रीम्समध्ये होतो, असे जाहिरातीत म्हणण्याचीही तिला मुभा उरली नाही. दुसऱ्या कंपनीसाठी गायलेली गाणी चालली नाहीत, पैसे गेले, ब्युएना व्हिस्टावरचे घर गेले आणि तीन मुली पदरात घेऊन तिला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी, बत्तिसाव्या वर्षी ती वारली. या चर्चमध्ये तिचा अंत्यविधी झाला तेव्हा बाहेर हजारो माणसे जमली होती आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मोटाउनच्याच फोर टॉप्स या चमूचे गायक होते. १९७२ मध्येच कंपनीचा मुक्काम लॉस एंजेलिसला हलला होता.

मेरीने मात्र गाडा सोडला नाही. नव्या नव्या साथीदारांसह तिने १९७७ पर्यंत सुप्रीम्स चालवली. नावाच्या हक्कासाठी ती मोटाउनविरुद्ध कोर्टातही गेली, पण तो हक्क तिच्या हाती लागला नाही. पुढे जुन्या चमूंच्या नावाखाली भलत्याच लोकांनी कार्यक्रम करू नयेत म्हणून राज्याराज्यांत कायदे व्हावेत, यासाठी तिने बरीच वर्षे खटपट केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे निधन होईपर्यंत तीसहून अधिक राज्यांनी ते केलेही. मूळ ध्वनिमुद्रणातला किमान एक कलाकार रंगमंचावर असल्याशिवाय ते नाव वापरू नये, असा या कायद्यांचा सर्वसाधारण आशय आहे. मात्र ज्याच्याकडे नावाचा कायदेशीर हक्क आहे, त्याला त्यातून सूट आहे.