कुकर खंय गेलो?

जुन्या कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, प्ले दाबलं की झालं. गेल्या महिन्यात मालवणकडच्या एका भजनी मंडळाचे बुवा साठ मिनिटांची कॅसेट घेऊन आले. डबी स्क्रूची नव्हती, चिकटवलेली. ब्लेडने फोडावी लागली. आत टेपवर बुरशीची पांढरी साय, टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडसमोरचा फेल्टचा पॅड गळून पडलेला. टेप पुसून नव्या डबीत चढवली आणि हेडचा बारका स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसलो. बोथट वाजणारी झांज एका जागी लख्ख सुटली. हा फरक ज्याला कळत नाही त्याने या धंद्यात पडू नये. हल्ली बरेच पडलेत, आणि खरखर काढायचं एक बटण दाबून बुवांना विहिरीतून गायला लावतात.

रेकॉर्डिंग लालबागच्या चाळीतलं, १९८२ च्या गिरणी संपाच्या आधीचं. पण ही कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून केलेली. गणपतीला चाकरमानी एक आणायचा, वाडीत तिच्या पाच व्हायच्या. पैसे कुणी घेत नसे. कोरी कॅसेट तेवढी ज्याची त्याने आणायची. त्यामुळे अभंगामागे कुणाच्या परसातला कोंबडा, कुणाच्या दारावरून गेलेली एसटी, आणि एका आलापाच्या शेवटी कुकरची शिट्टी.

ती शिट्टी मी दोन रात्री घालवून काढली, खालचा सूर शाबूत ठेवून. असं काम वर्षातून एकदा जमतं.

बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग उघडले. "कुकर खंय गेलो?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "शिटी झाली काय कोरस उचलता. पोरां तशीच शिकली."

शेवटी न साफ केलेली फाईलच चाळीस पेनड्राइव्हवर घातली, घरटी एक. पैशाचं निघालं तेव्हा बुवा म्हणाले, कीर्तनाचे पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात, तुकोबांनीच सांगून ठेवलंय. आता हसत होते, पण हात काही खिशाकडे गेला नाही. वीजबिल भरताना तुकोबा चालत नाहीत, हे तोंडावर आलेलं गिळलं आणि पेनड्राइव्हचे तेवढे घेतले.

डबी फोडली, स्क्रू फिरवला, त्याचे मागायला हवे होते. पण त्या दोन रात्रींचे कसे मागणार? शिट्टी काढा असं मला कुणी म्हणालंच नव्हतं. वहीत मंडळाच्या नावापुढे 'शिट्टी काढणे' असं लिहून ठेवलंय. रकमेची जागा अजून कोरी आहे.