निरगाठ, सुरगाठ आणि कर

ज्येष्ठ पौर्णिमा, कोल्हापूर

आज दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. वटपौर्णिमा आणि कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, एकाच तिथीला येतात, त्यामुळे एकीकडे सुताची रिळं मागणाऱ्या बायका, दुसरीकडे कासरा, म्होरकी, गोंडे विचारणारे सीमेकडच्या गावांतले शेतकरी. आपल्या इकडच्या बाकीच्या गावांचा बेंदूर आषाढात, म्हणून बरं. नाहीतर दोरीसुद्धा रेशनवर द्यावी लागली असती.

मामा, म्हणजे माझे सासरे, अजून नायलॉनला नाक मुरडतात. सुनेच्या हातात गल्ला दिला, पण मत दिलं नाही. खरं तर नायलॉन कुजत नाही, स्वस्त पडतं, गिऱ्हाईक तेच मागतं. पण ते गुळगुळीत, गाठ सरकते, आणि जनावराच्या मानेला काचतं. सुती दाव्याचं दुखणं वेगळं. पावसात भिजलं की फुगतं, आखडतं, आणि गाठ अशी बसते की दातानंही सुटत नाही.

दुपारी प्रयाग चिखलीच्या एक मावशी आल्या. चार म्हशी आहेत, सुतीच दावी हवीत म्हणाल्या. मी एक दावं काउंटरच्या पायाला बांधून दाखवायला गेले, तर त्यांनी हात धरला.

"निरगाठ मारू नगंस बाई. सुरगाठ मार."

आणि स्वतःच बांधून दाखवली. दोर पायाला वळसा घालून आणला, पण शेवट पुरता ओवला नाही. दुमडून त्याचं नाक तेवढं फटीतून काढलं आणि आवळलं. म्हैस तिकडून जितकी ओढेल तितकी घट्ट, इकडून मोकळं टोक ओढलं की सळ्ळकन मोकळी. मी दोनदा ओढून बघितलं. दोरीच्या दुकानात इतकी वर्षं काढून माझ्या बोटांना हे ठाऊक नव्हतं, कारण आम्ही गाठी विकतो कुठं, दोर विकतो.

"एकुणीस सालात रातीचं पाणी गोठ्यात आलं. लाईट गेलेली. अंधारात वल्ली निरगाठ कुठनं सुटतीया? इळ्यानं कापली दावी. म्हसरं आपल्या आपण उंचावर गेली."

2019 च्या ऑगस्टमधला महापूर. पुन्हा 2021 च्या जुलैतला. पंचगंगेकाठच्या माणसाला जून लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. आणि गंमत अशी की आमच्याकडच्या नद्यासुद्धा सुरगाठीनंच बांधलेल्या आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. बरगे वेळेत निघाले नाहीत की पाणी शेतात घुसतं, आणि मग कोणी काढायचे होते यावर महिनाभर भांडण.

संध्याकाळी इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर कर तोडतानाचा व्हिडिओ दाखवला. रस्त्यावर आडवं पानांचं लांबलचक तोरण बांधायचं, ती कर, आणि सजवलेले बैल पळवत आणून ती तोडायची. एवढं सगळं बांधायचं ते तुटण्यासाठी. तिकडे त्याच तिथीला बायका वडाला सूत गुंडाळतात, तुटू नये म्हणून. मीही सकाळी सात फेरे मारून आले. वडाच्या बुंध्याला काही कळत नाही, हे मला माहीत आहे; तरी रीळ मध्येच संपलं तेव्हा जीव खालीवर झाला. शेजारणीच्या सुताला माझं जोडलं आणि फेरे पुरे केले. आता आमचे दोघींचे नवरे सात जन्म एकमेकांत अडकले म्हणून ती हसत सुटली. शास्त्राला चालतं की नाही ते भटजींना विचारणार नाही.

रात्री मामा टीव्हीवर आघाडीची मोट बांधण्याच्या बातम्या बघत होते. ही आवळ्याची मोट, एक दाबला की दुसरा निसटतो, असं म्हणून त्यांनी आवाज बंद केला. आमच्या घरातलं राजकारण एवढंच.

आषाढातल्या बेंदराची ऑर्डर लिहून ठेवली. सुती दावी जरा वाढवली आहेत. मामा म्हणाले, नायलॉनही राहू दे, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जायला नको. एवढं त्यांच्या तोंडून निघालं, म्हणजे आज धंदा बरा झाला असणार.